तीन दिवसांचे लॉग

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की आमचं पालीतलं घर अर्धं जाळ्यांचं व्हायचं. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. बोट बंद, म्हणजे त्यांचं कामही बंद. बोटवाल्याची जाळी आम्ही घरात सांभाळायचो आणि त्याबद्दल तो तांदूळ द्यायचा. खोली एकच. जाळ्यांना जागा करायला आई दरवर्षी घर उपसायची. वापरात नाही ते बाहेर. त्यात माझी गेल्या वर्षीची पुस्तकंही रद्दीत जायची आणि मी रडायचे.

"रडतेस काय गो?" आई म्हणायची. "पास झालीस ना? मग त्याचं आता काय काम हाय?"

मला ते पटायचं. पटवून घ्यावंच लागायचं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. हाटकेशला एका गाळ्यात कॉम्प्युटरची कामं घेणारी छोटी कंपनी आहे, तिथे मला नोकरी लागली. मीरा रोडच्या एका पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. रक्त तपासलं की रिझल्ट त्यात टाईप व्हायचे. दर रविवारी सगळ्या डेटाची एक पूर्ण प्रत निघायची. त्यानंतर आठवडाभर जे टाईप होईल त्याच्या छोट्या छोट्या फाइल्स बनत जायच्या. त्यांना लॉग म्हणतात. सर्व्हर बंद पडला तर आधी रविवारची प्रत लावायची, मग तिच्यावर एकेक लॉग क्रमाने चढवायचा. मधला एक जरी गेला तरी पुढचे सगळे फुकट. आणि हे सगळं दोन ठिकाणी ठेवलेलं, एक लॅबमध्ये आणि एक पुण्याला. इथे आग लागली, पाणी शिरलं, तरी तिथलं राहावं म्हणून.

लॉग दहा दिवस राहायचे. डिस्क भरत आली तेव्हा मी ते तीन दिवसांवर आणले.

कंपनीच्या सरांकडे नवी डिस्क मागता आली असती. जिभेवरच आलं नाही. जागा संपली की आमच्या घरात कुणी मागत नाही, उपसतात. शिवाय इथलं गेलं तरी पुण्याला आहेच, असं मी धरून चालले. पुण्याचं मशीन इथली हुबेहूब नक्कल करायचं. इथली फाइल पुसली की तिथलीही पुसली जायची. मी हे शिकलेले होते, परीक्षेत लिहिलेलंही होतं. ऐन वेळी आठवलं नाही.

"बघा, पोरीनं खर्च न करता जागा केली," सर सगळ्यांसमोर म्हणाले. त्या संध्याकाळी मी घरी आईलाही ते सांगितलं.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, लॅबचा सर्व्हर गेला. रविवारची प्रत लागली. सोमवारचा पहिला लॉग शोधला तर नव्हता. पुणे उघडलं, तिथेही नव्हता. मंगळवार सकाळपासूनचे मात्र सगळे होते, ओळीत, नीट. त्यातल्या एकाचाही उपयोग नव्हता.

मी लगेच सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. लॅबच्या डॉक्टरांना फोन लावून म्हणाले, "डॉक्टरसाब, लडकी ने खुद बताया, कुछ छुपाया नहीं." रक्त तपासणाऱ्या मशीनमधून निघालेले कागद शिल्लक होते, आठवडा पुन्हा टाईप केला की झालं. कुणाचं काही बुडालं नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं.

बुडालं ते बायचं. बाय म्हणजे लॅबची ऑपरेटर, आमच्याच आळीतली. रिझल्ट तिच्याच आयडीवरून जायचे, म्हणून टायपिंग तिलाच करावं लागणार होतं. रविवारी तिच्या मुलीचं लग्न. शनिवारी उंबराचं पाणी, म्हणजे गावच्या विहिरीवरून बँड लावून पाणी आणायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यानं नवरीला अंघोळ घालायची. आमच्या आळीत पहिली कळशी नवरीची आई उचलते. बायची रजा मंजूर होती. ती रद्द झाली.

मी कागद वाचत होते, ती टाईप करत होती.

"सात," मी पुसट आकडा बघून म्हणाले.

तिनं मान वळवून कागद पाहिला. "एक हाय तो. सात टाकून धडधाकट माणसाला आयशीयूत धाडशील."

शनिवारी दुपारी तिच्या घरून फोन आला. ती म्हणाली, "जा तुमी. न्हाय, थांबू नका, बँडवाले खोळंबतील. कळशी मावशीला उचलू दे." मग फोन तिनं तसाच चालू टेबलावर ठेवला. त्यातून बँड ऐकू येत होता. आधी जवळून, मग विहिरीकडे लांब जाताना. तिची बोटं थांबली नाहीत.

"बाय, हे माझ्यामुळं झालं."

"म्हाईत हाय. फुडचा कागद वाच."

घरी आले तेव्हा आई नुकतीच विहिरीवरून परतली होती. साडीही बदलली नव्हती. म्हणाली, "लेकीच्या पाण्याला आय न्हाय. आसं कोणी कामाला बसवतं का?"

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण तू तर जागा केलेली ना?"

तिनं मला टोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच कळलं नव्हतं. सर रागावले असते तरी मला एवढं लागलं नसतं.

लग्नात बायनं स्वतः येऊन माझ्या ताटात तळलेल्या पिठाचे दोन फुगे जास्त वाढले. "खा गो, वाळलीस," म्हणाली. मी खाल्ले. चव लागली नाही.

सोमवारी मी सरांकडे डिस्क मागितली. त्यांनी कपाटातून काढून दिली. ती तिथेच पडून होती. आता लॉग दिवस मोजून पुसले जात नाहीत. लॉगच्या नंतर निघालेली पूर्ण प्रत दुसऱ्या मशीनवर लावून पाहिल्याशिवाय एकही लॉग जात नाही. पुणे इथलं पुसणं बघून पुसत नाही. त्याचा नियम वेगळा आहे, आणि ते जास्त काळ ठेवतं. दर महिन्याला मी प्रत लावून बघते आणि बायला फोन करून शेवटची नोंद जुळवून घेते. "हाय गो, हाय," ती म्हणते. त्या शनिवारबद्दल ती कधी बोलत नाही. मीही काढत नाही.

गेल्या पावसाळ्यात लॅबमध्ये पाणी शिरलं आणि सर्व्हर पुन्हा गेला. पुण्याच्या प्रतीवरून आणि लॉगवरून सगळा डेटा परत आला. एकही रिझल्ट पुन्हा टाईप करावा लागला नाही, आणि बाय वेळेवर घरी गेली.