कॉन्व्हेंटातली बाई

चंद्रपुरात तेव्हा गल्लोगल्ली कॉन्व्हेंट, म्हणजे खाजगी इंग्रजी शाळा, निघत होते. माझा मुलगा ज्या कॉन्व्हेंटात जायचा, तिथे लहान मुलांना सांभाळायला एक बाई होती. तिचं नाव मी कधी विचारलंच नाही. सारी मुलं तिला 'बाई' म्हणत. शाळा सुटली की ती फाटकाशी उकिडवी बसून एकेकाच्या बुटाची लेस बांधायची, पदराने नाकं पुसायची आणि मग त्यांना रिक्षात चढवायची.

एका दुपारी मी मुलाला घ्यायला गेले, तेव्हा पहिलीतली एक मुलगी घसरगुंडीवरून पडली. कपाळ फुटलं. "बाई! बाई!" करत ती रडत धावत आली. बाईने तिला छातीशी धरून पदर जखमेवर दाबला.

"हिच्या आईला बोलवा कुणीतरी," मी म्हणाले.

"मीच तिची माय आहो जी," ती हळूच म्हणाली. "नगरपालिकेच्या शाळेतून काढून इथी टाकली. पोरं चिडवतीन म्हणून मीच सांगितलं, शाळेत मले माय म्हणू नोको."

मुलाचा हात धरून मी तिथेच उभी राहिले.

रिक्षा निघून गेल्या, तशी लेकीला कडेवर घेऊन ती फाटकाबाहेर आली.

"सारे गेले बेटा. आता म्हण माय."

मुलीने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्या मुलाकडे. आईच्या खांद्यात तोंड लपवून म्हणाली, "बाई, घरी चला."

आईने ते पुन्हा सांगितलं नाही.