उतारावरची किल्ली

ओग्वेनो मासेनो ते किसुमू मटाटू, म्हणजे प्रवासी व्हॅन, चालवायचा, तेव्हापासून मी त्याला ओळखते. अकेयोशी त्याचं लग्न मीच जुळवलं होतं. त्यामुळे दोघांचं बिनसलं तेव्हा निरोप पोचवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

बिनसलं ते एका पेटीवरून. त्याच्या मटाटूचं इंजिन जाम झालं. दुसरं इंजिन बसवायचं सोडून त्याने किसुमूच्या भंगारातून, अपघातात चेपलेल्या एका जपानी हायब्रिड गाडीची मोटर आणि बॅटरी उचलून आणली. मोटर धडधाकट होती. पण तिला केव्हा, किती आणि कोणत्या तारेतून वीज द्यायची हे ठरवणारी पेटी पार जळली होती.

"पेटी मी बनवतो, आजी. पेट्रोलवाल्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही."

माझ्या यजमानांची रेडिओ दुरुस्तीची खोली ते गेल्यापासून तशीच बंद होती. ती मी त्याला उघडून दिली.

मोठा पाऊस गेला, छोटा पाऊस गेला, पुन्हा मोठा आला; वर्ष उलटलं. ओग्वेनो डाग देत बसलेला असे. सर्किटच्या पट्ट्या जळायच्या, खोलीभर कडवट धूर व्हायचा, तो खिडकी उघडून पुन्हा बसायचा. मोटर पहिल्यांदा फिरली ती उलटी, आणि बाकड्यावरून उडी मारून माझ्या कोंबड्यांत पडली. त्या दिवशी तो हसला होता. मटाटूच्या थांब्यावरची पोरं त्याला हाक मारून विचारत, "काय रे, गाडीला पेट्रोल नको, आता बायकोला मक्याची उगाली पण नको का?" अकेयो टोमॅटो विकून घर चालवत होती. एक दिवस ती टोमॅटोची टोपली माझ्या ओट्यावर ठेवून कानोच्या सपाट मुलखात माहेरी निघून गेली.

तो तिला आणायला चालत गेला. सासरा ओलांगो अंगणातच उभा राहिला. "चालत आलास? आणि नेणार कशातून, त्या पेटीतून? गाडी चालू कर, तिच्यात बसवून ने. तोवर माझी मुलगी इथेच."

अखेर गाडी चालायला लागली. गावात दोन-चार फेऱ्या मारल्या, आवाज नाही, धूर नाही. मी ओलांगोकडे निरोप नेला आणि शनिवार ठरला. त्याने बजावलं, "शनिवार म्हणजे शनिवार. तिचा भाऊ रविवारी मोम्बासाला परत जातोय. गाडी आली नाही, तर ही त्याच्याबरोबर जाईल. तिथे तिला काम बघून ठेवलंय."

शनिवारी ओग्वेनोने पांढरा शर्ट घातला. मागच्या बाकावर साखर आणि सासूसाठी नवं कापड होतं. अकेयोची पुढची जागा त्याने मला दिली. "येताना मागे बसशील ना, आजी?"

"बसेन की. नवराबायकोच्या मध्ये माझं काय काम?"

रिआट डोंगराचा उतार लागला. खाली किसुमू आणि सरोवर दिसत होतं. गाडीने वेग घेतला, ओग्वेनो शीळ घालत होता. आणि मी बघत असताना त्याचा हात किल्लीकडे गेला आणि त्याने ती बंद केली.

त्या रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर तेच करतात. उताराला गाडी आपोआप जाते, पेट्रोल कशाला जाळायचं? सगळी उमर त्याने तिथेच किल्ली फिरवली होती.

बाकाखाली धाडकन स्फोट झाला. पायांशी धूर आला. दोन्ही पाय ब्रेकवर दाबत त्याने गाडी कशीबशी कडेला घेतली.

"काय झालं रे?"

बाक उचलून त्याने जळलेली पेटी फडक्यात धरून बाहेर काढली. मग अगदी हळू म्हणाला, "चाकं फिरतात तोवर मोटर फिरते, आजी, आणि फिरताना स्वतःच वीज करते. ती बॅटरीत जात होती. किल्ली बंद करून मी बॅटरीच तोडली. मग ती जाणार कुठे? पेटीतच फुटली. मला हे ठाऊक होतं. मीच तर बनवलीय."

"चल, दुसरी मटाटू धरू. वेळ आहे अजून."

"सासऱ्याने काय सांगितलं होतं? ह्याच गाडीतून." त्याने साखर माझ्या हातात दिली. "तू जा. मला तिथे उभं राहता येणार नाही."

मी खूप विनवलं. तो जळलेली पेटी मांडीवर घेऊन बसून राहिला.

मी एकटीच पोचले तेव्हा ओलांगोकडे कोंबडी शिजली होती. भाऊबंद आंब्याखाली बसले होते. अकेयो नवा झगा घालून दारात उभी होती, पायाशी पिशवी.

"गाडी कुठाय?" तिने विचारलं.

"रिआटच्या उतारावर, बंद पडलीय."

तिने माझ्याकडे बघितलं. "किल्ली बंद केली ना त्याने?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"शेजारी बसून किती कानीकपाळी ओरडले. म्हणायचा, पेट्रोल वाचतं." तिने पायाने पिशवी आत सरकवली. "आता पेट्रोल होतं कुठे, आजी?"

आतून ओलांगो बाहेर आला. रस्त्याकडे बघत म्हणाला, "चालत तरी आला असता. आज मी अंगणात अडवला नसता त्याला."

कोंबडी कोणी नीट खाल्ली नाही. रविवारी अकेयो भावाबरोबर मोम्बासाला गेली.

ओग्वेनोने पेटी पुन्हा बनवली. परवा मला बोलवायला आला, "चल आजी, बस." मी त्याच जागेवर बसले. रिआटच्या उतारावर त्याने मुद्दाम किल्ली बंद केली. काही झालं नाही. गाडी शांतपणे खाली जात राहिली.

"बघितलंस? आता चाकं थांबल्याशिवाय बॅटरी सुटतच नाही. किल्ली कितीही फिरवा."

"छान झालं," मी म्हणाले. "जायचं कुठे आहे आपल्याला?"

"कुठेच नाही," तो म्हणाला. पायथ्याशी त्याने गाडी कडेला घेतली, वळवली, आणि आम्ही वर परत निघालो.