दसऱ्याची पाचर
“अबे, इंजन बंद कर! पट्टी सरकून राह्यली!” थोरला भाऊ असा ओरडला की पार पल्याडच्या रिठद गावचे बैल दावी तोडून पळाले असतील. फळी सरळ चिरली जावी म्हणून इंजनावरच्या गोल करवतीशेजारी त्यानंच बैलांच्या जुन्या जुवाच्या लाकडाची सरकती पट्टी बसवली होती. पाचर सैल करायची, पट्टी हवी तिथं न्यायची आणि पाचर पुन्हा ठोकायची. आता ती पाचरच निसटली आणि पट्टीला लावून फळी रेटणारा त्याचा हात करवतीकडे घसरू लागला. फळी सोडावी तर ती उसळून छातीत बसणार, धरून ठेवावी तर बोटं जाणार. मी बांबूनं इंजनाचा पट्टा पाडला, पण करवत थांबेस्तोवर माझी निम्मी मिशी पिकली, आणि थांबली ती थेट त्याच्या नखाला टेकून. खाली पडलेली पाचर उचलली तर ती तेलानं बुळबुळीत, वर हळदकुंकू. आजही जवसाच्या तेलाचा वास आला की मी आधी स्वतःची बोटं चाचपतो. “माय, पाचरीले तेल कोनं लावलं?” भावानं ओरडा ऐकून दारात आलेल्या मायला विचारलं. “म्या लावलं,” माय म्हणाली. “काल दसरा होता. साऱ्या हत्यारायले लावलं, तिलेच कोरडी काहून ठेवू?”