गालावर घासलेला तळवा

न्हाणमावशी तान्ह्या बाळाला हात लावण्याआधी आपला तळवा स्वतःच्या गालावर घासून बघायची. "मला टोचलं तर लेकराला टोचंल का न्हाई?" म्हणायची आणि टोचलं तर परत तेल चोळत बसायची. अवसरीतल्या निम्म्या गावाला तिनंच न्हाऊ घातलेलं, त्यात मीही आलो.

मंचरला मी बाळांच्या तेलाचा छोटा कारखाना काढला तेव्हा कढईवर तिलाच बसवलं. काय मिजास होती माझी! माल परदेशात जाणार, म्हणजे घटकांची यादी, सुरक्षिततेचा अहवाल, प्रत्येक घाण्याची नोंद. यादी मी तिला वाचून दाखवली.

"आन् वेखंड कुठाय यात?"

"मावशी, तिकडं वेखंडाला बंदी आहे."

"मंग तिकडची लेकरं पोटदुखीनं रडत न्हाईत व्हय? वेखंडाबिगर मी कढवनार न्हाई. तुला बी त्येच चोळलंय."

वेखंड काढलं की वास उतरायचा, आणि खरेदीदाराला तोच वास आवडला होता. मी म्हणालो, "टाक. फक्त कागदावर येणार नाही." तपासणीला धाडलेली बाटली मात्र मी स्वतः कढवली, वेखंडाशिवाय. कसला शहाणा मी!

माल तिकडच्या बंदरात पकडला गेला. सगळा नष्ट केला आणि खुलासा मागवला. मी लिहून दिलं, 'एका अशिक्षित कामगार बाईने आम्हाला न सांगता चुकीचा पदार्थ टाकला. तिला कामावरून काढले आहे.' मावशीला हे कारखान्यातल्या पोरींकडून कळलं. तिनं कढई घासली, पालथी घातली आणि गेली.

मग गावात कुजबुज सुरू झाली, हिच्या तेलात काहीतरी इखारी निघालं म्हणं. तिची बोलावणी बंद झाली. एका वाक्यात मी ते थांबवू शकलो असतो, पण परवाना जाईल म्हणून तोंड शिवून बसलो. हरामखोरपणा, दुसरा शब्द नाही.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. आई म्हणाली, मावशीलाच आण. गेलो. ती ओट्यावर लसूण सोलत होती. बाळाचं नाव काढताच सवयीनं तिचा तळवा गालाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"हात अजून मऊ हाय रं," ती म्हणाली. "पर तूच लिवून दिलंस ना, चुकीचा म्हनून? मंग तुझ्याच लेकराला कसा लावू?"

मावशी जाऊन आता वर्ष होईल. तिचा हात न लागलेलं आमच्या घरातलं पहिलं मूल माझं आहे.