रूथताईंचा रकाना

काल रूथताईंना माती दिली. अर्ध्या तासात त्यांच्याबद्दल खोटं बोलणं सुरू झालं.

आमचे जुने डायरेक्टर काठी टेकत पुढे आले आणि म्हणाले, "रूथ की नज़र से कोई डिटेल नहीं छूटती थी. इंस्टिट्यूट ने हमेशा उनकी क़द्र की."

क़द्र.

मला तिथेच राग आला. अजून उतरलेला नाही, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांब वाटली तर खुशाल स्क्रोल करा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रूथताई मूळच्या नगरच्या. दिल्लीत एका छोट्या संस्थेत शेतीच्या अर्थशास्त्रावर रिसर्च करायच्या. मी त्यांची असिस्टंट, पुण्याहून नुकतीच आलेली.

नव्वदीची मधली वर्षं. मयूर विहार, नोएडा, जिकडे बघावं तिकडे नवे फ्लॅट. दुकानात कॉर्नफ्लेक्स दिसायला लागले होते.

आमच्या स्टडीचा प्रश्न साधा होता. या नव्या घरांतली माणसं किती खातात, आणि मागच्या झुग्ग्यांमधली किती. त्यावरून पुढे देशाला किती धान्य लागेल, याचा अंदाज.

पद्धतही साधी. घरोघर जायचं, महिन्याला पीठ किती, डाळ किती विचारायचं आणि घरातल्या माणसांच्या संख्येने भागायचं.

एकदा माझ्या टेबलावर एक फॉर्म आला. म्हातारा-म्हातारी, दोघंच घरात. पीठ मात्र चौघांना पुरेल इतकं.

मला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक. मी पेन घेतलं आणि आकडा निम्मा करून टाकला.

रूथताईंनी ते पाहिलं. ओरडल्या नाहीत. पर्स उचलली.

"चल."

"कुठे?"

"त्यांच्या घरी. तू विचारलंस का त्यांना?"

दोन बस बदलून गेलो. आजींनी सरबत दिलं आणि हसून म्हणाल्या, "बेटा, कामवाली भी तो खाती है, माली-चौकीदार भी. हम देते हैं, गिनते थोड़ी हैं."

ती कामवाली ओट्यापाशीच उभी होती. रूथताईंनी मग तिलाच विचारलं. तोवर आमच्यापैकी कुणीही, कुठल्याही घरात, कामवालीला काही विचारलं नव्हतं.

"सुबह दो रोटी यहाँ, दोपहर में सामने वाले फ्लैट में. रात को घर पे, बच्चों से बचा तो."

बस स्टॉपवर रूथताई म्हणाल्या, "कळलं का काय होतंय? हिच्या पोळ्या आपण आजींच्या पोटात ढकलतोय. आपला रिपोर्ट सांगणार की फ्लॅटवाले दुप्पट खातात आणि बायका हवा खाऊन भांडी घासतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्मवर हाताने नवा रकाना आखला.

"इथे जेवतात, पण इथे राहत नाहीत."

आणि मग सगळी घरं पुन्हा. मे महिन्यात. टीम वैतागली, मीसुद्धा वैतागले. ऑफिसात त्यांचं नाव 'रोटी मॅडम' पडलं, ते रिटायर होईपर्यंत टिकलं.

डायरेक्टरांनी नव्या रकान्याचे आकडे पाहिले आणि म्हणाले, "रूथ, ख़रीदता कौन है, बस यही चाहिए. मेड ने क्या खाया, इसमें किसको इंटरेस्ट है यार? फुटनोट दे दो."

रूथताईंनी फुटनोट दिली.

छापायला जाताना तीही काढा म्हणाले. हे त्यांनी रूथताईंना सांगितलं नाही, मला सांगितलं. फायनल कॉपी माझ्याकडे होती.

पुढच्या महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं. मी फुटनोट डिलीट केली आणि मूग गिळून गप्प बसले.

रूथताईंना ते छापील रिपोर्टमध्येच कळलं. माझ्या टेबलापाशी आल्या, म्हणाल्या, "तू तरी सांगायचंस गं."

बस, एवढंच. चांगलं फाडफाड बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

राग मला त्यांचाही येतो. किती वर्षं मागे लागले, ताई, स्वतःच्या नावाने छापा, मी टाईप करते. दर वेळी एकच उत्तर, "अजून थोडी घरं बाकी आहेत."

कसली बाकी? रिटायर झाल्यावरही फॉर्मचे खोके पलंगाखाली होते. सेमिनारला जायच्या, मागे बसायच्या, शेवटी हात वर करून विचारायच्या की जेवणारी माणसं कशी मोजली. लोक एकमेकांकडे बघून हसायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि काल तेच डायरेक्टर म्हणतात, क़द्र.

पण खरं सांगायचंय ते हे नाही.

माती देऊन आम्ही त्यांच्या मयूर विहारच्या फ्लॅटवर आलो. त्यांची भाची फोन कानाला लावून मला म्हणाली, "मावशी, जेवणाची पॅकेट मागवतेय. किती जण आहोत?"

मी हॉलभर नजर फिरवली. सोफा, खुर्च्या, बाल्कनी. मला धरून अकरा.

"अकरा," म्हटलं.

पॅकेट आली, वाटली. माझं उघडलं आणि पाणी घ्यायला आत गेले.

ओट्यापाशी पुष्पा कप विसळत होती. रूथताईंकडे स्वयंपाकाला ती कित्येक वर्षं आहे. काल सकाळपासून येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना तिनेच चहा दिला होता.

मी विचारलं, "खाया?"

"दीदी के साथ ही खाती थी. आज घर जाके देखूँगी."

माझं पॅकेट तिच्यापुढे धरलं. तिने घेतलं नाही. "आप खाओ, आपका है," म्हणाली आणि पुढचा कप घेतला.

डायरेक्टरांना काय शिव्या देऊ? रूथताईंच्या घरात, त्यांच्या ओट्यापासून दहा पावलांवर उभं राहून, मी पुन्हा तसंच मोजलं.

बारा जण होतो, रूथताई.

या वेळी तरी सांगतेय.

भरल्या मनाने निरोप.