शनिवारचा पोर्तुगीज वर्ग

यातले किती किस्से जसेच्या तसे घडले आणि किती मी नंतर घासूनपुसून ठेवले, हे आता खात्रीने सांगता येत नाही. चार माणसं दोन वर्षं एका खोलीत बसली की किस्से साचतातच. जे पक्कं आठवतं तेवढंच सांगतो.

वर्ग अंबरनाथ पूर्वेला, आमच्या सोसायटीच्या ऑफिसात, दर शनिवारी चार वाजता. शिकवायला लूर्द्स बाई, मूळच्या गोव्याच्या. विद्यार्थी तिघं: उल्हासनगरचे हरीशभाई, पालेगावच्या म्हात्रेकाकू आणि मी. मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेला, कारखान्यातून निवृत्त. विसरभोळेपणाची धास्ती घेतली होती, म्हणून नवी भाषा धरली.

*

भूतकाळ आला आणि मी गडबडलो. बाई म्हणाल्या, "झालं आणि संपलं, त्याचं रूप वेगळं. नेहमी व्हायचं, त्याचं वेगळं. फीश म्हणजे केलं, फझीया म्हणजे करायचो. मराठीत आहेच की."

माझं एवढ्यावर कुठे भागणार? पुढच्या शनिवारी ग्राफ पेपरवर चार रंगांत तक्ता करून नेला. बाईंनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला.

"सुंदर आहे, डॉक्टर. आता सांगा, सकाळी नाश्त्याला काय खाल्लंत?"

मला एक शब्द सुचला नाही. खरं सांगायचं तर मराठीतसुद्धा पटकन नाही.

*

हरीशभाई मोझांबिकला जीन्स पाठवतात, तिथे पोर्तुगीज चालते. त्यांचं सगळं वर्तमानकाळात चालायचं. काल माल जातो, मागच्या वर्षी मी आजारी पडतो.

"हरीश, भूतकाळात बोल," बाई म्हणायच्या.

"बाई, कस्टमरला काय फरक पडतो? माल पोचला, बस. तो पण समजतो, मी पण समजतो."

वर्षभर असंच चाललं. मग एका शनिवारी ते स्वतःहून म्हणाले, "बाई, ते 'करायचा'वालं शिकवा ना."

"आज काय झालं?"

"वडिलांचं सांगायचंय. फाळणीनंतर इथल्या कॅम्पात बराकीत राहायचे, तेव्हा रोज पहाटे अख्ख्या बराकीसाठी चहा टाकायचे. त्यांचं आता 'टाकतात' कसं म्हणू?"

तासाभरात शिकले. मला त्याच गोष्टीला सहा महिने लागले होते.

*

म्हात्रेकाकू सातवीपर्यंत शिकलेल्या. मुलगी पोर्तुगालात दिलेली, आठ वर्षांच्या नातीला, इनेशला, पोर्तुगीजशिवाय काही येत नाही. "फोनवर नुसता हात हलवायचा," काकू म्हणायच्या. "ती पण हलवते, मी पण हलवते. पोर हाय ती, मांजर नाय." मे महिन्यात नात यायची होती. तोवर तिच्याशी चार वाक्यं बोलता आली पाहिजेत, एवढंच त्यांचं मागणं.

मी माझा तक्ता त्यांना देऊ केला. त्यांनी तो नीट घडी करून परत दिला. "मला कळलंय, डॉक्टर. आमी भात लावायचो, दरसाल. जमीन विकली, एकदाच."

बाईंनी ती दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली. मी तक्ता पुन्हा कधी आणला नाही.

*

मे महिन्यात इनेश आली. दोन दिवस आईच्या मागे लपली. तिसऱ्या दिवशी काकू तिला घेऊन त्यांच्या जुन्या शेतावर बांधलेल्या बिल्डिंगच्या टॉवरसमोर उभ्या राहिल्या आणि इथे आम्ही काय काय करायचो ते सांगत सुटल्या. त्या रात्रीपासून नात आजीच्या कुशीत झोपायला लागली.

शनिवारी काकू वर्गात आल्या त्या मात्र चिंतेत. "बाई, पोरगी आईला सांगते, आजी आमच्या वर्गातल्या पोरांसारखी बोलते. माझं लय चुकतंय काय?"

"काही चुकत नाही. अशाच बोला," बाई म्हणाल्या आणि फळा पुसायला वळल्या. काकूंची क्रियापदं कच्ची असणार, असं मी मनात ठरवून टाकलं.

पुढे काही वर्षांनी बाई गेल्या. मी बदलापूरला त्यांच्या भाचीकडे भेटायला गेलो, तेव्हा तिने बाईंची कागदपत्रं काढून दाखवली. खात्री करून घ्यायची माझी सवय, म्हणून मी शाळेचा दाखला दोनदा वाचला. पोर्तुगीज शाळेत बाई चौथीपर्यंत होत्या. गोवा मुक्त झाला, ती शाळा बंद पडली, तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या, इनेशहून दोनच वर्षांनी मोठ्या.