सरबताच्या बाटल्यांची वाळू

तर काल थांबलो होतो भिंतीत अंगठा रुतला तिथं. शाळेच्या नव्या खोलीला गिलावा करून दीड दिवस उलटला होता, आणि ओळंब्याने सहज अंगठा टेकवला तर तो लोण्यात जावा तसा आत गेला. ओळंबा म्हणजे आपला गवंडी. त्याची भिंत सुतभर हलायची नाही, म्हणून हे नाव.

गिलाव्यातली वाळू त्याच्या धाकट्या बहिणीची. ती टाकाऊ बाटल्या यंत्रात दळून, वाळूसारखी बारीक काच गोणीने विकायची. ही एक खोली पसंत पडली तर पुढच्या सहा खोल्यांची वाळू तिचीच.

"काचेचं खूळ, दुसरं काय," ओळंबा मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाला. बहीण शेजारीच उभी होती. तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं, रिकाम्या गोण्या काखेत मारल्या आणि निघून गेली. बाईंनी सहाही खोल्यांना नदीची वाळू सांगितली.

दुपारी गिलावा खरवडायला गेला, तर भिंतीवर मुंग्यांची ही भलीमोठी रांग. पायथ्यापासून थेट खिडकीपर्यंत, वऱ्हाड निघाल्यासारखी. ओळंब्याने बोट नाकाशी नेलं. संत्र्याचा वास.

मग आठवलं. गोणी उतरवताना ती म्हणाली होती, "दादा, ही सरबताच्या बाटल्यांची. पाणी नव्हतं, धुवायची राहिलीय. तीन पाण्यांनी धुऊन घे, साखरेने सिमेंट धरत नाही."

"तू मला सिमेंट शिकवणार? तुझं नाक मी पुसलंय." असं म्हणून त्याने गोणी तशीच सिमेंटात ओतली होती.

त्याचे कान तापले. आजूबाजूला कुणी नव्हतं. केरसुणी घेऊन त्याने मुंग्या झाडायला सुरुवात केली. झाडल्या तेवढ्या पुन्हा चढल्या. तिसऱ्या खेपेला त्याने केरसुणी ठेवली आणि हातसुद्धा न धुता बाईंच्या खोलीत गेला. खुर्ची दाखवली तरी बसला नाही. उंबऱ्याकडे बघतच त्याने सगळं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "अहो, मग हे तिलाच जाऊन सांगा की. तिची वाळू परत सुरू करू म्हणावं."

ओळंबा म्हणाला, "निरोप तुम्हीच धाडा, बाई. ती येईल तेव्हा मी भिंत खरवडत असेन, पाठ दाराकडे करून. ती मला रागावणार नाही, दादा जेवलास का म्हणून विचारेल, आणि तेच मला सोसायचं नाही."